घोडा गेला, टाच राहिली

मार्गशीर्षात दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यातल्या तापीकाठच्या सारंगखेड्यात एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यासोबत घोड्यांचा बाजार. पांढराशुभ्र नुकरा, ठिगळाठिगळांचा अबलख, चारी पाय आणि कपाळ पांढरं असलेला पंचकल्याणी अशी मंडळी नटूनथटून उभी असतात. पण नटण्यावर सौदा होत नाही. लाखांची बोली लावण्याआधी गिऱ्हाईक खाली वाकतं. खूर उचलून बघतं, नाल कशी बसलीय ते तपासतं, गुडघ्यावरून हात फिरवतं आणि म्हणतं, "जरा चालवून दाखवा." घोडा दोन चकरा मारतो. एक पाय जरी जपून टाकताना दिसला, तरी गिऱ्हाईक काही न बोलता पुढच्या तंबूकडे वळतं.

संध्याकाळी हेच गिऱ्हाईक घरच्या मंडळींना घेऊन चपलांच्या दुकानासमोर उभं राहतं. इथे कुणी वाकत नाही, कुणाचा गुडघा चाचपत नाही, "जरा चालून दाखव" असं कुणी मुलीला म्हणत नाही. चप्पल डोळ्यांना आवडते आणि पायांना ती मान्य करावी लागते. पायाने बोटांजवळ थोडी कुरकुर केलीच, तर दुकानदार हसून सांगतो, "वापरून सैल होईल, ताई." चप्पल फारशी सैल होत नाही. पायच हळूहळू चपलेच्या आकाराचा होतो. अंगठा शेजारच्या बोटाकडे झुकतो, त्याच्या मुळाशी हाड गाठीसारखं बाहेर येतं, करंगळीवर भोवरी उठते आणि दुकानदाराचा शब्द खरा ठरतो. चप्पल अगदी मापात बसू लागते.

वर्तमानपत्रात नंदुरबारचं नाव आलं की त्याच्याआधी 'अतिदुर्गम' हे विशेषण हमखास येऊन बसतं. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला आमचा जिल्हा. वर सातपुडा, खाली तापी, पलीकडे नर्मदा. लांबून वाचणाऱ्याला वाटावं, इथे उंच टाचेचं काय काम? त्याने लग्नसराईत शहाद्याला यावं, तळोद्याला यावं, नवापूरला यावं. कुरिअरवाला जिथवर पोहोचतो, तिथवर टाच पोहोचलेली आहे. साडीला मॅचिंग ब्लाउज, ब्लाउजला मॅचिंग बांगड्या आणि फॉलच्या काठाखालून डोकावणारी तीन इंची सोनेरी टाच.

या टाचेत एक मोठी मेख आहे. साडी नेसायची ती टाच पायात घालून, म्हणजे काठ जमिनीला बेताचा टेकतो. एकदा अशी साडी नेसली की दिवसभर टाच काढायची सोय उरत नाही. काढली तर साडी तीन इंच खाली येते, निऱ्या पायात अडकतात आणि बाई तोंडावर येते. बरं, आमच्याकडे मंगल कार्यालयं वाढली असली तरी पुष्कळ लग्नं अजून शेतात मंडप घालून होतात. खाली तापीखोऱ्यातली काळी कसदार माती, वर कार्पेट. कापसाला, केळीला ही माती उत्तम. टाचेचं मात्र तिला वावडं. टाचेचं टोक असतं सुमारे एक चौरस सेंटिमीटरचं आणि वर असतात साठ किलोच्या वहिनी. चालताना एका क्षणी सगळा भार त्या टोकावर येतो. माती बिचारी काय करणार? ती वहिनींना आदराने आत घेते. वहिनी पुढे जातात, चप्पल जागेवर राहते. ग्रीस देशाने २००९ साली आपल्या प्राचीन वास्तूंमध्ये उंच टाचा घालून यायला बंदी केली, कारण तिथल्या दगडांना खड्डे पडत होते. अडीच हजार वर्षं टिकलेल्या दगडाला जे सोसवलं नाही, ते गेल्याच आठवड्यात नांगरलेल्या वावराला कुठून सोसवणार?

नवरदेव त्या वेळी घोड्यावर असतो. त्याच्या पायांत सपाट मोजडी. खाली, बँडपुढे, दीड तास नाचणाऱ्या बहिणी, वहिन्या आणि मैत्रिणी उंच टाचांवर. वरात मारुतीच्या पारापर्यंत येईतो अर्ध्या टाचा पायांतून हातांत आलेल्या असतात. खुर्चीवर बसलेली एखादी म्हातारी हे सगळं बघत असते आणि अहिराणीत एका वाक्यात निकाल देते, "कसाले घालस वं बाई, मंग काढीसन हातमा धरस!"

म्हातारीला ठाऊक नसतं, पण या चित्रात इतिहासाची फार मोठी अदलाबदल झालेली आहे. उंच टाच मुळात घोड्यावर बसणाऱ्याची. पश्चिम आशियातले घोडेस्वार, विशेषतः इराणचे, टाचेचे जोडे घालत. टाच रिकिबीत अडकायची, पाय सरकायचा नाही आणि स्वाराला रिकिबीत उभं राहून धनुष्य ओढता यायचं. १५९९ साली इराणच्या शाह अब्बासने युरोपकडे आपले वकील पाठवले. त्या सुमारास युरोपातल्या दरबारी पुरुषांना इराणी गोष्टींचं वेड लागलं आणि टाच त्यांच्या पायांत शिरली. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या तर टाचा लाल रंगाच्या. १७०१ साली इयासिंत रिगो या चित्रकाराने काढलेल्या त्याच्या प्रसिद्ध चित्रात राजेसाहेब पोटऱ्या दाखवत, लाल टाचांवर ऐटीत उभे आहेत. गालिच्यावरून चालायचं, सिंहासनावर बसायचं, बाहेर जायचं तर गाडी किंवा घोडा. या माणसाला चिखल तुडवायचा नाही, पाणी भरायचं नाही, बाजाराला पायी जायचं नाही, हे त्या टाचा लांबूनच सांगत. टाचेचा खरा रुबाब उंचीत नव्हता, तिच्या निरुपयोगीपणात होता.

अठराव्या शतकात पुरुष शहाणे झाले. त्यांनी टाच उतरवली आणि बायकांच्या पायांत तशीच राहू दिली. १९५० च्या दशकात टाचेत पोलादी कांब घालायची युक्ती निघाली आणि ती पेन्सिलीइतकी बारीक होऊनही मोडेना. तोवर घोडा गेला होता, रिकीब गेली होती, सिंहासनंही बहुतेक गेली होती. राहिली ती टाच, आणि ती आली चालणाऱ्या, उभ्या राहणाऱ्या, बस पकडणाऱ्या बाईच्या वाट्याला. म्हणजे बसलेल्या माणसाची वस्तू उभ्या माणसाला देऊन टाकली आणि वर फॅशन म्हणून टाळ्या वाजवल्या.

यातली आणखी एक गंमत घोड्याकडे नीट बघितलं की कळते. घोडा जन्मतःच उंच टाचेवर आहे. त्याचा खूर म्हणजे एका बोटाचं नख, आणि मागच्या पायाचा जो सांधा आपल्याला उलटा वळलेला गुडघा वाटतो, तो खरं म्हणजे त्याचा घोटा. त्याची टाच तिथे, अधांतरी. कोट्यवधी वर्षं घेऊन त्याने आपला सगळा पाय या कामासाठी घडवला, कारण त्याला पळायचं होतं. आपण दुसरी वाट धरली. आपण टाच टेकवून चालणारे प्राणी. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये मोजून पाहिलं, की माणूस टाच न टेकवता चवड्यांवर चालला तर नेहमीपेक्षा निम्म्याहून अधिक जास्त शक्ती खर्च होते. टाच टेकणं ही आपली काटकसर आहे. घोड्याची नक्कल करायला गेलो की हिशेब वाढतो.

हिशेब कसा वाढतो ते सातपुड्याच्या भाषेत सांगता येईल. टाचेपासून चवड्यापर्यंत पाऊल साधारण सतरा सेंटिमीटर भरतं. मागे साडेसात सेंटिमीटरची म्हणजे तीन इंची टाच लावली की पाऊल दर दोन फुटांना एक फूट अशा उतारावर उभं राहतं. तळोद्याहून धडगावला जाताना चांदसैलीचा घाट लागतो. असे घाटरस्ते आखताना अभियंते पंधरा-सोळा फुटांना एक फूट चढ धरून चालतात, आणि तेवढ्यावरही एसटीचा ड्रायव्हर पहिला गिअर टाकतो. घाटाच्या सात-आठपट उतारावर आमची वहिनी दिवसभर उभी असते आणि चेहरा हसतमुख ठेवून आहेर घेते.

उतारावर शरीर जे करतं तेच सारं ती करते, फक्त उतार कुणाला दिसत नाही. भार टाचेवरून घसरून चवड्यावर येतो. बोटं चपलेच्या निमुळत्या टोकात कोंबली जातात, त्यांच्यामधल्या नसा दाबल्या जाऊन आग होते, मुंग्या येतात. पुढे तोल जाऊ नये म्हणून गुडघे किंचित वाकतात, कंबर सावरते, पाठीचे स्नायू ताठ होतात. घोटा अरुंद टोकावर डगमगतो, म्हणून पाय मुरगळायला एक खडा पुरतो. पावलात २६ हाडं आणि ३३ सांधे आहेत. इतकी बारीक रचना केवळ शोभेसाठी झाली नसावी. खाचखळग्यांना तोंड देण्यासाठी ती आहे. टाच या सगळ्या कारभाऱ्यांना रजेवर पाठवते आणि दोन-तीन जणांकडून सगळ्यांचं काम करून घेते.

पोटरीचं दुःख तर वेगळंच. मँचेस्टर मेट्रोपॉलिटन आणि व्हिएन्ना या विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०१० मध्ये अशा स्त्रियांचा अभ्यास केला, ज्या निदान दोन वर्षं पाच सेंटिमीटर किंवा अधिक उंचीची टाच नियमित वापरत होत्या. त्यांच्या पोटरीतले स्नायूंचे तंतू इतरांच्या मानाने सुमारे १३ टक्क्यांनी आखूड झाले होते आणि टाचेमागची जाड धोंडशीर आणखी जाड, आणखी ताठ झाली होती. म्हणूनच अशी बाई सपाट चप्पल घालते तेव्हा तिची पोटरी ओढली जाते आणि ती म्हणते, "मला बाई सपाट चपलेनेच त्रास होतो." ती खोटं बोलत नसते. पाय टाचेला इतका सरावलेला असतो, की जमीनच त्याला परकी वाटते. या पोटऱ्या नुसत्या चालवत नाहीत, त्या पायांतलं रक्त वर हृदयाकडे ढकलतात. घोटा नीट वरखाली झाला नाही की तो पंपही कमी जोराने चालतो आणि संध्याकाळी पाय जड होतात.

गुडघ्याबद्दलही दोन शब्द. १९९८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात केसी केरिगन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. गुडघ्याच्या ज्या भागात संधिवात बहुधा सुरू होतो, नेमक्या त्याच भागावर उंच टाचेने ताण वाढतो असं त्यात दिसलं. बायकांनी हुशारी केली, बारीक टाच सोडून रुंद टाच घेतली. २००१ मध्ये त्याच नियतकालिकात पुढचा अभ्यास आला, रुंद टाचेनेही गुडघ्यावरचा ताण वाढतोच. रुंद टाचेने चिखलात रुतणं थांबतं, मुरगळणं कमी होतं. गुडघ्याला मात्र रुंदी कळत नाही, उंची कळते. टाच घातली की संधिवात ठेवलेलाच, असं यातून सिद्ध होत नाही. पण ज्या गुडघ्यांना पुढे देवळाच्या पायऱ्या चढायच्या आहेत, त्यांच्यावर विनाकारण कर्ज का काढावं?

हे कर्ज किती झालं हे तपासायला दवाखाना लागत नाही. नंदुरबारची मिरची प्रसिद्ध. हंगामात शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर लालभडक मिरची वाळत पडलेली असते आणि शेकडो बायका तिथे देठ खुडत, मिरची निवडत बसतात. उकिडव्या, तळवा पूर्ण जमिनीला टेकवून. आपण तसं बसून बघावं. टाचा टेकल्या तर पोटऱ्या शाबूत आहेत. टाचा अधांतरी राहिल्या आणि तोल मागे गेला, तर पोटरी आखडलेली आहे असं समजावं आणि आधाराला भिंत आहे ना ते आधी बघावं. दिवसभर उकिडवं बसणं गुडघ्यांना मानवतं असं मुळीच नाही. त्या बायकांनाही पाट आणि विसावा हवाच. पण बसता येणं वेगळं आणि बसावं लागणं वेगळं.

हाच फरक अनवाणी चालण्याचा. महाशिवरात्रीला तोरणमाळला गोरखनाथाच्या यात्रेसाठी डोंगर चढून येणाऱ्यांत अनवाणी माणसं दिसतात. काठी गावच्या राजवाडी होळीला मोरपिसांचे टोप घालून, कमरेला घुंगरं बांधून माणसं रात्रभर नाचतात. शहरातून कॅमेरे घेऊन आलेले पाहुणे त्या पायांकडे बघून म्हणतात, काय हे निरोगी पाय! ते पूर्ण खोटं नाही. कर्नाटकातल्या राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी २३०० मुलांची पावलं तपासून १९९२ मध्ये निष्कर्ष मांडला. बूट घालणाऱ्या मुलांत सपाट पावलाचं प्रमाण ८.६ टक्के होतं, अनवाणी फिरणाऱ्यांत २.८ टक्के. लहानपणी पाय मोकळा राहिला की कमान चांगली घडते. पण बाभळीचा काटा अहवाल वाचत नाही. भेगाळलेल्या टाचा, खुरपताना लागलेले घाव, उन्हाने भाजलेले तळवे आणि पायाखाली आलेला साप हेही अनवाणी पायाच्याच नशिबी. रस्ता नसलेल्या पाड्यावरून आजारी माणसाला बांबूच्या झोळीत घालून खाली आणणाऱ्यांना कुणी चांगले मजबूत बूट दिले, तर ते आपल्या कमानीची चिंता करत बसणार नाहीत. हौसेने काढलेली चप्पल आणि नसलेली चप्पल यांना एकाच कौतुकात बसवू नये. मधुमेहाने तळव्यांची संवेदना गेलेल्या माणसाने तर घरातसुद्धा अनवाणी फिरू नये, आणि टाचेच्या वाटेला तर मुळीच जाऊ नये.

टाचेचंही तसंच. हौस असेल तर तक्रार नाही. सक्ती झाली की मामला वेगळा. २०१७ मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने आणि फिलिपिन्सनेही कामावर उंच टाच घालायची सक्ती करायला मनाई केली. २०१९ मध्ये जपानी बायकांनी याच सक्तीविरुद्ध मोहीम उघडली. आपल्याकडे केरळात कापडदुकानांतल्या विक्रेत्या बायकांनी मागणी केली, ती टाचेची नव्हे, खुर्चीची. दिवसभर उभं राहायचं, भिंतीलाही टेकायचं नाही, हा तिथला रिवाज. त्यांच्या लढ्यामुळे २०१८ मध्ये केरळने कायदा बदलला आणि कामावर बसण्याचा हक्क लिहून दिला. २०२१ मध्ये तामिळनाडूनेही तेच केलं. मला या दोन गोष्टी एकाच सूत्रात दिसतात. चौदाव्या लुईला टाच बाधली नाही, कारण त्याच्याकडे बसायची जागा होती. जिला बसायला मिळत नाही, तिच्या पायांत राजाची टाच घालून तिला राणीसारखी दिसतेस म्हणणं, ही कौतुकाची फार स्वस्त पद्धत झाली.

तेव्हा माझा साधा नियम असा: टाच बसायच्या सोयीच्या प्रमाणात असावी. जिथे गादीची खुर्ची, सपाट फरशी आणि दारापर्यंत गाडी, तिथे हौसेने तीन इंच घाला, फोटो काढा, मिरवा. जिथे उभं राहायचं, तिथे इंच-दीड इंच, रुंद बुडाची. जिथे चालायचं, तिथे बोटांना हातपाय पसरायला जागा देणारी, मागून पट्टा असलेली. अगदी कागदासारखी सपाट स्लीपरही काही संत नव्हे. टाचेखाली थोडा मऊ आधार बरा. नवी चप्पल संध्याकाळी घ्यावी, दिवसभराने पाय थोडा फुगलेला असतो, म्हणजे खरं माप कळतं. वर्षानुवर्षं टाच वापरलेल्यांनी ती एका रात्रीत सोडू नये. इंच-इंच उतरावं, रोज भिंतीला हात टेकवून पोटऱ्या ताणाव्या, म्हणजे आखडलेली शीर हळूहळू ऐकते. गरोदरपणात सांधे आधीच सैल असतात, तेव्हा तर टाच कपाटातच शोभते.

उरला प्रश्न वावरातल्या लग्नाचा. आमच्या पत्रिकांवर हल्ली 'कृपया आहेर आणू नये' असं छापतात आणि कुणी ते मनावर घेत नाही. त्याच्याखाली आणखी एक ओळ छापावी असं मी घरात सुचवलं आहे: 'मंडप काळ्या जमिनीत आहे, वरात सव्वा किलोमीटरची आहे, खुर्च्या भरपूर ठेवल्या आहेत, टाचेचा निर्णय ज्याने त्याने आपल्या जबाबदारीवर घ्यावा.' वरपक्षाला मजकूर पसंत आहे. वधूपक्षाचं म्हणणं एवढंच, की साड्यांना फॉल आधीच लागून झाले आहेत, तेव्हा पुढच्या लग्नापासून बघू.